गाडी आली की उघडणारं फाटक

अगं, जरा सरकून जवळ बस. तू तिकडं दूर आहेस, आणि हे वाचतानाही एक डोळा मोबाइलवर ठेवला असशील, ते मला ठाऊक आहे. तरी बस म्हणते. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, तू म्हणे भरमांडवात काकांना रडवलंस. या वयात शोभतं का?" शहाणी झालीस हो माझी! एका बाजूचं ऐकलं आणि निकाल देऊन मोकळी. तुझ्या आईनं तुला लहानपणी सूप हातात दिलं असतं तर कळलं असतं, एकाच बाजूनं पाखडलं तर कोंडा दाण्यातच राहतो. आता माझं ऐक. आणि आधीच सांगून ठेवते, मी केलं ते केलं. मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नाही.

तुझे मावसे, म्हणजे आमचे हे, रेल्वेत गेटमन होते. तुमसरहून नाकाडोंगरीकडं जी लाइन जाते, तिच्यावर रस्त्याचं एक फाटक होतं, ते यांचं. फाटकाजवळ गेटमननं बसायची गुमटी, तिला लागून एक खोली होती, आमचा अर्धा संसार त्या खोलीत झाला. गाड्या त्या कितीशा! मँगनीज भरलेली मालगाडी, एखादी पॅसेंजर, कधी नुसतंच इंजिन. पण स्टेशनातून फोन आला की हे भरल्या ताटावरून उठायचे. चक्का फिरवायचा, दोन्ही दांडे खाली, कुलूप लावायचं, मग फोनवर कळवायचं की फाटक बंद आहे, आणि हिरवी झेंडी घेऊन उभं राहायचं. शेवटचा डबा निघून गेल्याशिवाय दांडा वर जात नसे. तोवर मागं बैलबंड्या, धानाचे ट्रॅक्टर, सायकलीवरची पोट्टी, सगळे खोळंबलेले आणि सगळ्यांच्या तोंडी शिव्या.

"काय गा गेटमन, गाडी अजून यार्डात असन अन् तू आतापासूनच पाडून ठेवला?"

हे हसायचे. रात्री मला म्हणायचे, "शिव्या पचतात वो. पाप नाही पचत."

एकदा तापानं फणफणले होते. मी म्हटलं, तुम्ही बसा, चक्का मी फिरवते. हात लावला तर असे ओरडले माझ्यावर! "हात नको लावू. ड्युटी माझी हाये." आणि तसेच भिंतीला धरून उठले. असा माणूस. हे ध्यानात ठेव, पुढं लागेल.

पुढं हे निवृत्त झाले. मग रेल्वेनं ते फाटकच काढून टाकलं आणि रस्ता लाइनीखालून नेला. बरं झालं म्हणायचं, कोणाला थांबायला नको. पावसाळ्यात त्या बोगद्यात कमरेइतकं पाणी साचतं ती गोष्ट वेगळी. गुमटी पाडली तेव्हा हे पाहायला गेले होते. त्यानंतर फार राहिले नाहीत.

मी एकटी झाले तेव्हाची गोष्ट. सून आली होती, तिनं घर आवरताना एक खोकं भंगारात काढलं. त्यात नातवाची खेळण्यातली आगगाडी. रूळ, इंजिन, चार डबे, सगळं धड. मी म्हटलं, राहू दे बाई, जागा खात नाही. ती गेल्यावर पलंगाच्या फळीवर रूळ मांडून पाहिले. गाडी गोल-गोल फिरली. छान वाटलं, पण ओकंओकं वाटलं. गाडी आहे आणि फाटक नाही, हे काय!

आता तुला कान्होबा आठवतो की तोही विसरलीस? आपल्याकडं जन्माष्टमीला घरोघरी मातीचा कृष्ण बसवतात, तो कान्होबा. त्याच्या डोक्यावर दोऱ्यांनी टांगलेला फुलोरा, म्हणजे तळलेल्या करंज्या, पापड्या, शेवेची वेटोळी. रात्रभर भजन आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन. पुढ्यात जो तो आपल्या हौशीनं सजावट करतो. कोणी गोकुळ करतं, कोणी लाइटच्या माळा सोडतं. मी ठरवलं, आपण कान्होबापुढं यांचं फाटक मांडायचं. आणि कोणी हात लावायचा नाही. गाडी आली की फाटक आपोआप पडलं पाहिजे, गेली की उठलं पाहिजे.

मी सातवीपर्यंत शिकलेली. पण हल्ली मोबाइलवर सगळं दिसतं, आणि व्हिडिओतला मनुष्य पुन्हा-पुन्हा सांगायला कंटाळत नाही. थांबवलं की थांबतो. त्यात पाहिलं की एक काचेची नळी मिळते, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. आत दोन पातळ पत्रे. लोहचुंबक जवळ आलं की ते एकमेकांना चिकटतात आणि करंट जातो. नळी रुळाखाली ठेवायची आणि चुंबक इंजिनाच्या पोटाला चिकटवायचं, झालं! तुमसरच्या बाजारात टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा एक आहे, त्याच्याकडं गेले.

"आजी, हे कायले पायजे तुमाले?"

"रेल्वेनं फाटक काढून टाकलं बाप्पा. मी नवीन बसवून राहिली."

"परवानगी घेतली काय?"

"कान्होबाची घेतली."

त्या दिवसापासून तो मला गेटमनबाई म्हणतो.

पहिल्या दिवशी काय झालं सांगू? दांडा पडला खरा, पण चुंबक पुढं सरकलं की नळी सुटायची आणि दांडा लगेच वर. कोंबडीची मान कशी खाली-वर होते, तसं. गाडी अजून फाटकातच आणि दांडा हवेत! मला तर घामच फुटला, जणू खरी गाडी होती. मग त्या दुकानदारानं एक छोटी हिरवी पट्टी दिली. तिची खुबी अशी की तिला एकदा सांगितलं, पाड, तर दुसऱ्यांदा उचल म्हणेपर्यंत ती पाडूनच ठेवते. मग मी दोन नळ्या बसवल्या. पहिली फाटकाच्या बरीच अलीकडं, ती सांगणार, पाड. दुसरी फाटकाच्या पलीकडं, गाडीच्या लांबीहून जरा जास्त दूर, ती सांगणार, उचल. म्हणजे शेवटचा डबा निघून गेल्याशिवाय दांडा वर नाही. दोन नळ्यांच्या दोन पिना शेजारी-शेजारी त्या पट्टीत खोचायच्या. दांडा पडताना एक घंटी वाजायची आणि लाल दिवा लागायचा.

रुळाच्या बाजूनं ताटल्यांत खरे धान पेरले, त्याचे हिरवेगार पऱ्हे, म्हणजे रोपं, वर आले, रोवणीला आल्यासारखे. आणि कान्होबा घडवणाऱ्या कुंभाराकडून बोटभर उंचीचा मातीचा एक माणूस करून घेतला. यांच्या जुन्या ड्युटीच्या शर्टाचा तुकडा जपून ठेवला होता, त्याचा त्याला सदरा शिवला. हातात काडीची हिरवी झेंडी. फाटकाशी उभा केला. शेजारी इवलीशी खाट ठेवली, गुमटीबाहेर यांची असायची तशी.

कान्होबाच्या रात्री भजनी मंडळ भजन सोडून गाडी पाहत बसलं. आमच्या लायनीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, बायका म्हणाल्या, "हुबेहूब तुमचे मालक उभे केले वो माय!" मला आणखी काय पाहिजे होतं?

तिथंच आमचे देवर आले होते. यांचे धाकटे भाऊ, तू काका म्हणतेस ते. आमच्या घराला घर लागून, मधे एकच भिंत. तेही रेल्वेत होते, रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन. नोकरी लागण्याआधी याच देवराला मी त्या फाटकाजवळच्या खोलीत कितीतरी वर्षं भात वाढला, तेही सांगून ठेवते. आता ते आमच्या वॉर्डाच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. माइक हातात आला की माणूस बदलतो, तसे ते बदललेले. गाडीकडं पाहत म्हणाले, "वहिनी, हे यंदा मंडळात ठेवू. गणपतीपुढं. दादाच्या नावानं."

दादाच्या नावानं म्हटल्यावर मी कशी नाही म्हणणार?

मांडवात मोठ्या टेबलावर सगळं मांडलं. टेबलाला खालपर्यंत झालर. पण खेळणं ते, हलवलं की कुठली तरी पिन सुटते. म्हणून रोज संध्याकाळी आरतीआधी भाऊजींचं बोलावणं, "वहिनी, लावून द्या ना जरा." मी झालरीखाली शिरायची, गुडघ्यांवर बसून पिना तपासायची, आणि वरती भाऊजी माइक घेऊन उभे. पहिल्या दिवशी माइकवर म्हणाले, "ही गाडी मी स्वतः बनवली. वहिनीची मदत झाली, झाडं-बिडं तिनं लावली." मी खालून ऐकलं. म्हटलं, जाऊ दे. देवाच्या दारी मी-माझं कशाला!

मग एक दिवस मोठी गर्दी झाली. वर्तमानपत्रवाला फोटो काढायला आला होता. मी नेहमीसारखी टेबलाखाली, दातांत एक वायर धरलेली. आणि वरून आवाज आला:

"आमचा दादा फाटकावर होता. अन् दादाची झोप म्हणजे काय सांगू तुमाले, कुंभकर्णाची! एकदा मालगाडी शिट्या मारून राहिली, अन् फाटक उघडंच! दादा खाटेवर घोरून राहिला. मी तिकडून सायकलनं येऊन राहिलो होतो म्हणून बरं. धावत गेलो, चक्का फिरवला. नाहीतं चार बैलबंड्या कटल्या असत्या त्या दिवशी. तवाच ठरवलं, आपोआप पडते असं फाटक बनवायचं. माणूस झोपते, मशीन नाही झोपत."

लोक हसले. पोट भरून हसले.

बाई गं, ती वायर मी चावूनच तोडली. बाहेर येऊ कशी? झालरीतून म्हातारी बाई रांगत बाहेर येणार आणि फोटोवाला समोर! गर्दी पांगल्यावर आले. पाहते तर काय, माझा तो मातीचा माणूस खाटेवर आडवा! भाऊजींनी गोष्ट सांगताना त्याला झोपवून दाखवलं होतं. झेंडी खाली पडलेली.

पडद्यामागं गाठलं त्यांना. "भाऊजी, हे कधी झालं होतं?"

"अवं वहिनी, पब्लिकले थोडं हसवा लागते. दादा काय ऐकून राहिला?"

"मी ऐकून राहिली होती."

"तुम्ही तं टेबलाखाली होत्या!" आणि पुन्हा हसले. "कायले मनावर घेता? उद्या सगळे विसरतीन."

नाही विसरले. दुसऱ्या दिवशी चक्कीवर दळण घेऊन गेले तर चक्कीवाली विचारते, "काय वो आजी, तुमचे मालक ड्युटीवर झोपायचे म्हणे?" तिनं काही वाईट मनानं विचारलं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. गेटमनला दारुड्या म्हण, भांडखोर म्हण, कंजूष म्हण, चालेल. झोपला म्हणू नये. त्याच्या सगळ्या जन्माची राख होते एका शब्दानं. हे स्वतः तर उत्तर द्यायला नव्हते. आणि माझं कोण ऐकणार होतं? बायको नवऱ्याची बाजू घेते, लोक मान हलवतात आणि पीठ घेऊन घरी जातात.

त्या दिवशी मी पोळ्या लाटल्या त्या सगळ्या जाड झाल्या. एकेक पोळी लाटताना एकेक शिक्षा ठरवत होते. गाडीच उचलून घरी आणावी? मग म्हणतील, बुढी रुसली. वायरी तोडाव्या? मग म्हणतील, मशीन बिघडली. मला मशीन बिघडवायची नव्हती. ती उत्तम चालली पाहिजे होती, फक्त भाऊजींनी सांगितलेल्या गोष्टीप्रमाणं. त्यांना उघडं फाटक दाखवायचं होतं ना लोकांना? मग दाखवू. त्यांच्याच हातानं.

आणि कोणासमोर, हे मी नीट निवडलं. आमच्या मंडळाची रीत आहे, विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी आरती रेल्वेतल्या निवृत्त लोकांच्या हातानं करायची. गँगमन, गेटमन, पॉइंट्समन, एक-दोन ड्रायव्हर, सगळे म्हातारे धुतलेले कपडे घालून येतात, पुढच्या खुर्च्या त्यांच्या. मी तोवर गप्प बसले. रोज बोलावलं की झालरीखाली जायची, रोज ती गोष्ट ऐकायची. भाऊजी रोज तिला नवीन फोडणी घालत होते. एका दिवशी चारच्या सहा बैलबंड्या झाल्या. मी म्हटलं, घाला, अजून घाला. जितकं उंच चढाल तितकं बरं.

ती संध्याकाळ आली. "वहिनी, लावून द्या ना." मी खाली गेले. दोन पिना काढल्या. पाडची उचलच्या जागी, उचलची पाडच्या जागी. बाहेर आले, हात धुतले, नवं पातळ झटकलं आणि पहिल्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसले. भाऊजी म्हणाले, "अवं, तुम्ही इथं?" म्हटलं, "रोज खालून पाहते, आज समोरून पाहीन."

भाऊजींनी गोष्ट रंगवून सांगितली. मातीच्या माणसाला खाटेवर निजवलं. पुढच्या रांगेतले म्हातारे मात्र हसले नाहीत, हे मी पाहून ठेवलं. मग भाऊजी म्हणाले, "आता पाहा, मशीन कशी ड्युटी करते!" आणि बटण दाबलं.

गाडी निघाली. पहिल्या नळीवरून गेली. दांडा जागचा हलला नाही. उघड्या फाटकातून इंजिन, मागून चारही डबे भडभड निघून गेले. गाडी लांब गेल्यावर घंटी वाजली टणटणटण, लाल दिवा लागला आणि दांडा सावकाश खाली आला. लोकांना वाटलं, असंच असतं. पण पुढच्या रांगेत खुर्च्या कुरकुरल्या.

एक म्हातारा गेटमन म्हणाला, "काय गा, गाडी गेल्यावर फाटक?"

"थांबा, थांबा, अजून एक फेरी हाये," भाऊजी म्हणाले.

दुसरी फेरी. आता फाटक बंद होतं. गाडी वळण घेऊन आली, पहिल्या नळीवर चढली, आणि दांडा ऐटीत वर! गाडी आली म्हणून फाटक उघडलं! अगं, काय सांगू तुला, ती खेळण्यातली गाडी, हाताएवढी. पण पुढची अख्खी रांग उभी राहिली. एकानं खांद्यावरचा लाल दुपट्टा काढला आणि खऱ्या गाडीला दाखवतात तसा हलवायला लागला. "लाल दाखव बे! लाल दाखव!" आणि आमचे भाऊजी? माइक टाकला, गणपतीपुढचं लाल फडकं उचललं, आणि त्या खेळण्याच्या इंजिनासमोर दोन्ही हातांनी फडकवत राहिले! बटण शेजारीच होतं. बटण बंद करायचं सुचलं नाही. जन्मभर रेल्वेत काढलेला माणूस, त्याचे हात तेच करणार. गाडी कुठली थांबते! फाटक उघडून गेली, आणि मागून घंटी, टणटणटण.

मग मांडव जो हसला! फोटोवाला आला त्या दिवशीचं हसणं यापुढं काहीच नव्हतं.

"अध्यक्ष, खाटेवर कोण झोपलं होतं मंग?"

"सायकलनं धावत जा ना गा, चक्का फिरव!"

"किती बैलबंड्या कटल्या, मोजा रे!"

भाऊजींनी कसंबसं बटण बंद केलं. टेबलाखाली डोकं घातलं, बाहेर काढलं. त्यांना काय कळणार होतं, कुठली पिन कुठली! घामानं सदरा अंगाला चिकटलेला. माझ्याकडं पाहिलं. "वहिनी, जरा पाहा ना काय झालं ते."

मी मांडीवरचं प्रसादाचं ताट नीट केलं. "मी काहून पाहू भाऊजी? बनवली तं तुम्ही. मी नुसती झाडं लावली."

तो दुपट्टेवाला म्हातारा मला म्हणाला, "बाई, हे काम कोणाचं हाये, खरं सांगा."

"मले नको विचारा दादा. ज्याच्या हाती माइक हाये त्याले विचारा."

भाऊजी हळूच जवळ आले. "वहिनी, लोकं पाहून राहिले. घरी बोलू ना."

"खोटं घरी बोलले होते का? आधी त्या माणसाले खाटेवरून उठवा."

त्यांना कळलं, मी कोणत्या माणसाबद्दल बोलते ते. टेबलापाशी गेले. मातीच्या त्या माणसाला उचललं, फाटकाशी उभं केलं. तो कलंडला. पुन्हा उभा केला. झेंडी शोधून त्याच्या हातात खोचली. शेजारची बाई स्टेटसवर ठेवायला हे सगळं मोबाइलमध्ये घेऊन राहिली होती. मी तिला म्हटलं, थांबू नको, घे.

"आता माइकवर बोला. जेवढ्या मोठ्यानं ती गोष्ट सांगितली तेवढ्याच मोठ्यानं."

"काय बोलू?"

"दादा ड्युटीवर झोपला होता?"

भाऊजींनी घसा साफ केला. "नाही. माझा दादा कधी ड्युटीवर झोपला नाही."

"फाटक?"

"त्याचं फाटक कधी उघडं राहिलं नाही."

"मंग ती मालगाडी?"

"ती... मी मनानंच सांगितली."

"अन् ही गाडी?"

"वहिनीनं बनवली. सगळी."

इथं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं, हो, मी नाही म्हणत नाही. तू विचारशील, तुला दया नाही आली? नाही आली बाई. मला तेव्हा तापात भिंत धरून उठणारा माणूस दिसत होता. मी उठले, पातळ आवरलं, सगळ्यांच्या देखत झालरीखाली गेले, दोन पिना जागच्या जागी खोचल्या आणि बाहेर येऊन बटण दाबलं. गाडी आली, घंटी वाजली, दांडा पडला. शेवटचा डबा निघून गेला, मग दांडा उठला. तो दुपट्टेवाला म्हातारा एवढंच म्हणाला, "हां. आता बरोबर." आणि मग आरती झाली. मी इतक्या मोठ्यानं टाळ्या वाजवल्या की दोन दिवस तळहात लाल होते.

आता तुझ्या कानावर जे आलं ते कसं, तेही ऐक. महिनाभर भाऊजी मान खाली घालून जात-येत होते. जाऊबाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी वाटीभर खीर पाठवली, कशाबद्दल ते सांगितलं नाही. पण लाज किती दिवस पुरते? हळूहळू पानठेल्यावर सुरू झालं, "वायर ढिली होती. बुढीचा मान राखायले बोललो मी तसं. भाऊजाई हाये शेवटी." हीच वायर ढिली होत-होत तुझ्यापर्यंत पोचली. म्हणजे उद्या पुन्हा हे झोपलेलेच! माझं आता वय झालं. मी गेल्यावर तर कोणी विचारायचंही नाही.

म्हणून मी पुन्हा त्या दुरुस्तीवाल्याकडं गेले. म्हटलं, बोलणारी खेळणी असतात ना, पोट दाबलं की बोलतात, त्यातली चकती दे. तो म्हणाला, "गेटमनबाई, आता काय स्टेशनातली अनाउन्समेंट?" म्हटलं, तसंच समज. शेजारणीकडचा तो व्हिडिओ त्याच्याकडं दिला. त्यानं त्यातून नेमकी दोन वाक्यं काढून चकतीत भरून दिली. मी फाटकापाशी तिसरी नळी बसवली. आता गाडी फाटकातून जाते तेव्हा घंटी थांबते आणि भाऊजींचा स्वतःचा आवाज येतो, घसा साफ केल्यासकट, "माझा दादा कधी ड्युटीवर झोपला नाही. त्याचं फाटक कधी उघडं राहिलं नाही." दर फेरीला. चुकत नाही. मी गाडी मुद्दामच भिंतीच्या बाजूनं मांडली आहे, ती भिंत भाऊजींच्या घराची. दुपारी जेवून ते आडवे झाले की मी बटण दाबते. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर मूठ आपटली. मी आणखी दोन फेऱ्या सोडल्या.

आता येत्या कान्होबाला आमच्या लायनीतले सगळे माझ्याकडं येणार. भाऊजींनाही यावंच लागेल, कारण आमच्या घरचा कान्होबा विसर्जनाला डोक्यावर तेच घेतात, ती रीत यांच्यामागं त्यांच्याकडं आली. मूर्ती उचलायला ते फाटकासमोर वाकतील, तेव्हा गाडी नेमकी तिथून जाईल. मी वेळ जुळवून पाहिली आहे. तू त्या दिवशी माझ्या घरी असावंस असं मला फार वाटतं. माझ्या माहेरच्या-सासरच्या माणसांत हे ऐकून पुढं सांगेल असं तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे? फुलोऱ्याच्या करंज्या भरायलाही एक हात कमी पडतो. गाडीचं, सुटीचं काय ते पाहून घे आणि कान्होबाच्या चार रोज आधीच येजो पोरी. लवकर येजो.